करार मोडला, नुकसान झालं : दाव्याचा शेवटचा परिच्छेद आधी लिहा

वकिलाकडे आलेला माणूस गोष्ट पहिल्यापासून सांगतो. कंत्राटदाराची ओळख कुणी करून दिली, ॲडव्हान्स कधी दिला, तो फोन कधीपासून उचलत नाही, त्याची बायको काय म्हणाली. सगळं ऐकून झाल्यावर ‘मग तुम्हाला नक्की काय हवंय?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : ‘त्याला चांगला धडा शिकवायचाय.’

दिवाणी कायद्यात धडा शिकवायची सोय जवळजवळ नाही. न्यायालय पैसे देववू शकतं, ठरलेली गोष्ट प्रत्यक्ष करवून घेऊ शकतं, चाललेलं काम थांबवू शकतं किंवा झालेलं पूर्ववत करायला लावू शकतं. शिवाय एखादा कागद रद्द किंवा दुरुस्त करता येतो, तुमचा हक्क जाहीर करून मिळतो. एवढंच. आणि यातलं जे तुम्ही मागितलं नाही, ते बहुतेक वेळा मिळत नाही. म्हणून दाव्याच्या अगदी शेवटी जो ‘वादीची विनंती’ नावाचा परिच्छेद असतो तो आधी लिहावा, असं माझं मत. नोटीस, पुरावे, न्यायालयाची निवड हे सगळं त्या परिच्छेदावरून ठरतं.

पायरी १ : पैसे हवेत, वस्तू हवी, की थांबवायचंय?

जुन्या इंग्लंडमध्ये या मागण्यांसाठी न्यायालयंच वेगळी होती. कॉमन लॉची न्यायालयं मुख्यतः पैसे देत. ‘हे कर’, ‘ते करू नकोस’ असा हुकूम हवा असेल तर चॅन्सरीकडे जावं लागे. तिथे चालायची ती समन्याय, म्हणजे इक्विटी. १८७३ ते १८७५ च्या कायद्यांनी ती दोन्ही एकत्र आली. आपल्याकडे इक्विटीचा बराचसा भाग कायद्यात बांधून घेतला गेला, आधी १८७७ च्या आणि आता १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमात, ज्याला कोर्टात सगळे ‘स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट’ म्हणतात. करारभंगाची भरपाई मात्र १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात आहे. अपकृत्य, म्हणजे टॉर्ट, याचा आपल्याकडे एक सलग कायदा नाही. तो निकालांमधून आणि वेगवेगळ्या अधिनियमांमधून गोळा करावा लागतो.

हा इतिहास आजही उपयोगी आहे, कारण त्यातून एक सवय उरली आहे. पैशाने भरून निघणारं नुकसान असेल तर मनाई हुकूम सहसा मिळत नाही. आणि मनाई मागणाऱ्याचे हात स्वच्छ आहेत का, हे न्यायालय आवर्जून पाहतं. स्वतः हप्ते थकवले आणि ते दाव्यात लपवलं, तर बाजू कितीही खरी असली तरी पहिल्या सुनावणीतच पाय घसरतो.

आता तीन प्रसंग घेऊ. तिन्ही काल्पनिक, पण पुण्यात रोज घडणारे.

कोथरूडला फ्लॅटच्या इंटिरिअरचं ९ लाखांचं काम, ६ लाख दिले, अर्धं काम टाकून कंत्राटदार गायब. इथे बहुतेकांना पैसे हवे असतात. त्याच माणसाकडून काम करवून घेण्यात कुणालाच रस नसतो.

वाघोलीत प्लॉटचं साठेखत झालं, विसार दिला, आणि भाव वाढल्यावर मालक म्हणतो, ‘तुमचे पैसे परत घ्या.’ इथे पैसे नकोत, प्लॉट हवा. ही कराराच्या विशिष्ट पूर्ततेची मागणी.

एरंडवण्यात शेजारची जुनी इमारत पाडून पुनर्विकास सुरू झाला, तळघरासाठी खोल खोदाई झाली आणि तुमच्या भिंतीला तडे गेले. इथे आधी काम थांबवायचंय, मग भिंत सुरक्षित करून घ्यायचीय, मग दुरुस्तीचा खर्च. म्हणजे मनाई, आज्ञार्थी मनाई (‘हे करून दे’ असा हुकूम) आणि नुकसानभरपाई, या क्रमाने.

पायरी २ : मुदत मोजा, आजच

मुदत कायदा १९६३ चा. करारभंगाच्या भरपाईला ३ वर्षं. विशिष्ट पूर्ततेलाही ३ वर्षं. करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं तुम्हाला कळलं तेव्हापासून. जमिनीवरच्या अतिक्रमणाच्या भरपाईला ३ वर्षं. बदनामी, बेकायदा अटकाव, द्वेषमूलक खटला यांना मात्र फक्त १ वर्ष. ग्राहक आयोगात २ वर्षं. मोटार अपघाताचा दावा १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून ६ महिन्यांत.

पुणे किंवा पिंपरी-चिंचवड महापालिकेवर दावा असेल तर १९४९ च्या महापालिका अधिनियमाचं कलम ४८७ पाहा. महापालिकेने कायद्याखाली केलेल्या कामाबद्दल किंवा त्यातल्या हलगर्जीबद्दल दावा असेल तर आधी लेखी नोटीस, मग एक महिना थांबायचं, आणि तरीही कारण घडल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा दाखल. नगरसेवकाच्या कार्यालयात खेपा घालण्यात चार महिने सहज जातात. सरकारविरुद्ध दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते.

दोन गैरसमज फार महागात पडतात. पहिला, वकिलाची साधी नोटीस पाठवली की मुदत थांबते. थांबत नाही. दुसरा, समोरचा ‘देतो, देतो’ म्हणतोय तोवर घड्याळ बंद असतं. तेही चालूच असतं. मुदत संपण्याआधी त्याने सही करून लेखी कबुली दिली, किंवा रकमेचा काही भाग दिल्याची लेखी नोंद झाली, तर तिथून मुदत नव्याने मोजतात. ‘दिवाळीनंतर बघू’ हा व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा, पण मुदतीची सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

रोज चालू असलेल्या उपद्रवाचं वेगळं आहे. वरच्या फ्लॅटमधून सतत झिरपणारं पाणी, रात्रभर चालणारं यंत्र, यात प्रत्येक दिवशी नवं कारण निर्माण होतं. तिथे मुदतीपेक्षा ‘इतके दिवस गप्प का बसलात?’ हा प्रश्न जास्त त्रास देतो. मनाई मागणाऱ्याला उशीर नडतो.

पायरी ३ : कागद

यावर लांबण लावत नाही. करारपत्र, कोटेशन, बँकेचं खातं, यूपीआयची नोंद, फोटो, मेसेज. तोंडी करारही करारच असतो. तो सिद्ध करताना दमछाक होते, इतकंच. मोबाईलमधल्या पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ चं कलम ६३ लागू आहे, १ जुलै २०२४ पासून. त्याखालचं प्रमाणपत्र दोन भागांचं असतं, एक तुमचं आणि दुसरं तज्ज्ञाचं. नुसते स्क्रीनशॉट छापून जोडल्याने भागत नाही. ज्या फोनवर संभाषण आहे तो विकू नका, फॉरमॅट करू नका.

एरंडवण्याच्या प्रसंगात मात्र कागदाआधी इंजिनिअर. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तड्यांची रुंदी, जागा, तारीख नोंदवून अहवाल घ्या. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून ठेवायची जुनी रीत आहे, भिंत हलली की काच तडकते. तिचा तारखेसकट फोटो न्यायालयात चांगलं बोलतो. आपल्या शेजारी खोदाई सुरू होणार असं कळलं तर आधीच भिंतींचे फोटो काढून ठेवा. नाहीतर विकासक पहिलं वाक्य हेच म्हणतो की इमारत चाळीस वर्षांची, तडे जुनेच होते.

पायरी ४ : आकडा काढा, आणि खरा काढा

कोथरूडच्या प्रसंगात माणूस म्हणतो, ‘माझे ६ लाख परत हवेत.’ पण काही काम तर झालंय. करारभंगाची भरपाई करार अधिनियमाच्या कलम ७३ खाली मिळते आणि तिचा नियम असा, की करार पाळला गेला असता तर तुम्ही जिथे असता तिथे पैशाने नेऊन ठेवायचं. त्याहून पुढे नाही.

समजा उरलेलं काम दुसरा कंत्राटदार ५ लाख ६० हजारांत पूर्ण करतो. पहिल्याला द्यायचे ३ लाख तुमच्याकडेच आहेत. म्हणजे जादा भुर्दंड २ लाख ६० हजार. फ्लॅट दोन महिने उशिरा तयार झाल्याने २८ हजारांचं भाडं दोनदा भरावं लागलं, ५६ हजार. एकूण ३ लाख १६ हजार. हा तुमचा दावा. तो ६ लाखांपेक्षा कमी आहे म्हणून वाईट वाटेल, पण उलटतपासणीत टिकेल.

भाडं मिळेलच असं मात्र नाही. ते कंत्राटदाराला करार करताना ठाऊक असायला हवं, किंवा नेहमीच्या व्यवहारात सहज उमगणारं हवं. १८५४ च्या इंग्लंडमधल्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल खटल्यात गिरणीचा मोडलेला दांडा वाहतूकदाराने उशिरा पोहोचवला. गिरणी बंद राहिल्याचा तोटा मिळाला नाही, कारण या दांड्यावाचून गिरणी ठप्प आहे हे त्याला माहीत असल्याचं धरलं गेलं नाही. आपल्या कलम ७३ मध्ये तेच तत्त्व आहे. म्हणून काम देतानाच एक मेसेज टाकून ठेवावा : ‘आमचं भाड्याचं घर ३१ मेला सोडायचंय, त्याआधी काम पूर्ण हवं.’

नुकसान वाढू न देण्याची जबाबदारीही तुमचीच. वर्षभर फ्लॅट तसाच ठेवून वर्षाचं भाडं मागता येत नाही. आणि मूळ करारात लॅमिनेट असताना दुसऱ्याकडून व्हिनिअर करून घेतलंत तर फरक तुमच्या खिशातला.

‘उशीर झाल्यास दिवसाला ५ हजार दंड’ असं करारात लिहिलं असलं तरी तो आकडा आपोआप मिळत नाही. कलम ७४ खाली तो वरची मर्यादा. न्यायालय त्याच्या आत वाजवी भरपाई देतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या फतेहचंद निकालापासून हे पक्कं आहे, आणि २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स निकालाने विसार जप्त करण्यालाही हेच लावलं : नुकसानच झालं नसेल तर सरसकट जप्ती नाही. नुकसान मोजणंच अशक्य असलेल्या व्यवहारात मात्र करारात लिहिलेली वाजवी रक्कम मिळू शकते. बाणेर-हिंजवडीकडे भाड्याने राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ‘रंगकामाचे’ म्हणून अख्खं डिपॉझिट ठेवून घेणाऱ्या घरमालकाने खर्च दाखवायला हवा.

अपकृत्यात मोजणीची दिशा उलटी. चूक घडलीच नसती तर तुम्ही जिथे असता, तिथे परत नेणं. दुरुस्तीचा खर्च, औषधपाण्याची बिलं, बुडालेला पगार, पुढे लागणारा उपचार, वेदना. तुमचाही दोष असेल तर रक्कम घटते. हेल्मेटबद्दल पुणेकरांची मतं जगजाहीर आहेत. डोक्याला मार लागलेल्या दाव्यात विमा कंपनीही तोच मुद्दा काढते, एवढं सांगतो.

‘मानसिक त्रासाचे ५० लाख’ लिहिण्याआधी कोर्ट फी विचारा. दिवाणी दाव्यात ती मागितलेल्या रकमेवर बसते. महाराष्ट्रात महिलांना मालमत्तेच्या वादासह काही प्रकारच्या दाव्यांत कोर्ट फी माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने. बऱ्याच जणींना हे कुणी सांगतच नाही.

पायरी ५ : नोटीस अशी, की पुढे तीच पुरावा व्हावी

नोटिशीत शिव्या आणि विशेषणं घालून काही मिळत नाही. तिने तीन-चार कामं करायची असतात.

कोथरूडच्या माणसासाठी सगळ्यात मोलाचं आहे विशिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम २०, २०१८ च्या दुरुस्तीनंतरचं. करार मोडला गेला तर दुसऱ्याकडून काम पूर्ण करून घेऊन झालेला खर्च पहिल्याकडून वसूल करता येतो. अट अशी, की आधी किमान ३० दिवसांची लेखी नोटीस द्यायची, त्यात कामाला मुदत द्यायची, आणि खर्च प्रत्यक्षात करायचा. लोक रागाच्या भरात दुसऱ्याच दिवशी नवा सुतार आणतात आणि इथेच चुकतात. नोटीस टाका, अर्धवट कामाचे व्हिडिओ काढा, जमलं तर मूल्यांकनकर्त्याला दाखवा, ३० दिवस जाऊ द्या, मग नवा माणूस लावा. एकदा हा मार्ग धरला की मूळ कंत्राटदाराकडून कराराची विशिष्ट पूर्तता मागता येत नाही. भरपाई मागता येते.

वाघोलीच्या खरेदीदाराची नोटीस वेगळी. विशिष्ट पूर्तता हवी असेल तर आपण आपला भाग पार पाडायला सतत तयार आणि राजी होतो, हे सिद्ध करावं लागतं. ‘मी तयार आहे’ एवढं लिहून चालत नाही, पैसे कुठून येणार ते दाखवावं लागतं : बँकेचं कर्जमंजुरीपत्र, मुदतठेवीच्या पावत्या, खात्यातली शिल्लक. माझा आवडता उपाय साधा आहे. नोटिशीत दिवस, वेळ आणि हवेली तालुक्याचं नेमकं दुय्यम निबंधक कार्यालय लिहायचं, मसुदा सोबत जोडायचा, उरलेल्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट काढायचा आणि त्या दिवशी खरंच तिथे जाऊन बसायचं. साक्षीदार न्यायचा. मालक येणार नाहीच. पण तीन वर्षांनी साक्षीला उभे राहाल तेव्हा तो ड्राफ्ट आणि त्या दिवसाची हजेरी शंभर वाक्यांचं काम करेल.

प्रत्येक नोटिशीत व्याज मागा, दरासकट, आणि ‘या तारखेपासून व्याज आकारलं जाईल’ असं स्पष्ट लिहा. १९७८ च्या व्याज कायद्यानुसार, देण्याची तारीख लेखी ठरलेली नसेल तर व्याज या लेखी मागणीपासून धरता येतं. १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याची रजिस्टर्ड पोस्ट सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, त्यामुळे स्पीड पोस्टाने, पोहोच मिळेल अशी पाठवा, शिवाय ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही.

पोलिस चौकीचं काय? पैसे घेतानाच फसवायचा इरादा होता असं दिसत असेल, एकाच फ्लॅटचा चौघांशी व्यवहार केला असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार जरूर करा. साधा करारभंग हा गुन्हा नाही. चौकीत खेपा घालून दिवाणी मुदत मात्र निघून जाते.

पायरी ६ : कुठल्या दारात जायचं

शिवाजीनगरला जिल्हा न्यायालय आहे, मेट्रोचं अदलाबदलीचं स्थानक त्याच्या नावाचं, आणि बहुतेक पुणेकरांना तेवढं एकच दार ठाऊक असतं. दारं जास्त आहेत.

कोथरूडच्या माणसाने ग्राहक आयोगाचा विचार आधी करावा. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत फी नाही, त्यापुढे १० लाखांपर्यंत २०० रुपये. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. करारात लवादाचं कलम आहे म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. दिवाणी न्यायालयात मात्र ते कलम दाखवून समोरचा दावा लवादाकडे पाठवू शकतो.

बिल्डरने ताबा लांबवला तर रेरा कायदा २०१६, कलम १८ : प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासकट पैसे परत, किंवा ताबा घेऊन उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज. निवड तुमची, बिल्डरची नाही. नोंदणीकृत करार केल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही हेही त्याच कायद्यात आहे. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे.

भोसरी-चाकणच्या लघुउद्योजकांची बिलं थकलेली असतात. उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखालची सुविधा परिषद बघा, ती थकलेल्या बिलांचे वाद ऐकते. ४५ दिवसांपुढे थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. बड्या कंपनीच्या लेखा विभागाला हा आकडा कळला की बोलणी पटकन सुरू होतात. याखेरीज ३ लाख किंवा त्यावरच्या व्यापारी वादात तातडीची मनाई नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठाम सांगितलं.

सोसायटीच्या कारभाराचा वाद सहकार न्यायालयात, घरमालक-भाडेकरूंचे वाद लघुवाद न्यायालयात, अपघाताचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. खड्ड्यांमुळे झालेल्या मृत्यूंना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यातल्या पालिका आणि इतर यंत्रणांना सांगितलं आहे. त्यामुळे खड्ड्यात पडल्यावर जागेचा फोटो आणि दवाखान्यातली नोंद त्याच दिवशी करून घ्या.

जमीन-प्लॉटचा दावा जमीन जिथे आहे तिथेच. वाघोलीचा दावा तुम्ही नाशिकला राहता म्हणून नाशिकला चालणार नाही.

पायरी ७ : निशाणी ५

दावा दाखल करताना सोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज देतात. आपल्याकडे तो बहुधा निशाणी ५ ला, म्हणजे दाव्याच्या कागदांमध्ये पाचव्या क्रमांकाला, लागतो आणि सगळे त्याला त्याच नावाने ओळखतात. ‘निशाणी ५ मंजूर झाला’ या वाक्यावर अर्धी प्रकरणं मिटतात, कारण अंतिम निकालापर्यंत काय स्थिती राहणार ते तिथे ठरतं.

तीन कसोट्या : प्रथमदर्शनी बाजू तुमची आहे का, मनाई दिल्यास किंवा न दिल्यास कुणाची जास्त अडचण होईल, आणि पैशाने भरून न निघणारं नुकसान होतंय का. एरंडवण्याच्या घरासाठी तिसरी कसोटी सोपी आहे, भिंत कोसळली तर पैसे काय कामाचे. पहिलीवर मात्र तयारी हवी. शेजारच्या जमिनीने आपल्या जमिनीला दिलेला नैसर्गिक आधार हा १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमात, ज्याला सगळे इझमेंट ॲक्ट म्हणतात, मान्य केलेला हक्क आहे. पण तो मोकळ्या जमिनीचा. इमारतीच्या ओझ्यासकट आधाराचा हक्क वीस वर्षं अखंड आधार मिळाल्यावर तयार होतो. म्हणून इमारतीच्या वयाचा पुरावा, महापालिकेचा जुना पूर्णत्वाचा दाखला किंवा मिळकतकराची जुनी पावती, शोधून ठेवा. विकासक ‘इमारत जुनी आहे’ म्हणून तुम्हाला हिणवतो, तेच वय इथे तुमच्या कामी येतं. सोबत निष्काळजीपणाही मांडा : खोदाईला आधारभिंत नाही, पाण्याचा उपसा चालू आहे. आणि त्याच दिवशी कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज द्या, म्हणजे खड्डा बुजवण्याआधी न्यायालयाचा माणूस तो पाहून येईल.

समोरच्याला न ऐकताच एकतर्फी मनाई मिळाली तर अर्ज, दावा आणि कागदपत्रांच्या प्रती त्याला लगेच पाठवून तसं शपथपत्र त्याच किंवा दुसऱ्या दिवशी द्यावं लागतं. हे राहिलं की मनाई उठवायला त्याला आयतं कारण मिळतं. उलट बाजूने, कुणीतरी तुमच्याविरुद्ध अशी मनाई आणेल अशी भीती असेल तर कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, दाखल करा. ते ९० दिवस चालतं. मनाई मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते.

वाघोलीच्या दाव्यात निशाणी ५ मध्ये मागायचं ते हे, की मालकाने प्लॉट तिसऱ्याला विकू नये, त्यावर बोजा चढवू नये. सोबत दावा प्रलंबित असल्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. म्हणजे नवा खरेदीदार सर्च घेईल तेव्हा त्याला ती दिसेल.

 

पायरी ८ : विनंतीचा परिच्छेद

इथे कायदा निर्दयी आहे. विशिष्ट पूर्ततेचा दावा लावताना पर्यायी भरपाई आणि विसार परत मिळण्याची मागणी त्याच दाव्यात लिहावी लागते. न्यायालय नंतर दुरुस्तीची संधी देऊ शकतं, पण न लिहिलेलं आपणहून देत नाही. पूर्ततेचा दावा फेटाळला गेला, की त्याच करारभंगाच्या भरपाईचा वेगळा दावा बंद (विशिष्ट अनुतोष अधिनियम, कलम २४). मनाईच्या दाव्याचंही असंच : सोबत भरपाई मागितली नाही आणि दावा फेटाळला, तर त्याबद्दलची भरपाई पुन्हा मागता येत नाही (त्याच अधिनियमाचं कलम ४०). आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २ नियम २ सांगतो, एकाच कारणातून निघणाऱ्या सगळ्या मागण्या एकदाच करा. न्यायालयाच्या परवानगीवाचून सोडलेली मागणी नंतर उचलता येत नाही.

म्हणून वाघोलीसाठी विनंती अशी उतरते : खरेदीखत करून द्यावं, प्रतिवादीने न दिल्यास न्यायालयामार्फत करून मिळावं, प्लॉटचा प्रत्यक्ष ताबा मिळावा, तिसऱ्याला हस्तांतर करण्यास निरंतर मनाई, पर्यायाने विसाराची रक्कम व्याजासह परत, ती फिटेपर्यंत प्लॉटवर बोजा, आणि नुकसानभरपाई, दाव्याचा खर्च. एकेक ओळ वेगळी. तिथे आळस करणारा वकील असेल तर तुम्हीच विचारा, ‘पर्यायी मागणी घातली का?’

मालकीवरच वाद असेल तर नुसत्या मनाईने भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या अनथुला सुधाकर निकालात नीट समजावलं आहे. हक्कावर खरोखर सावट आलं असेल तर हक्क जाहीर करून मागा. ताबा गेला असेल तर ताबाही मागा. सहा महिन्यांच्या आत बेकायदा हुसकावलं गेलं असेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली मालकी सिद्ध न करताही ताबा परत मिळतो. ही सोय फार कमी लोक वापरतात.

पायरी ९ : हुकूमनाम्यानंतर

निकाल लागला म्हणजे पैसे आले असं नाही. दरखास्त (हुकूमनामा अमलात आणण्यासाठीचा अर्ज) टाकावी लागते. म्हणून समोरच्याची मालमत्ता कुठे आहे ही चौकशी दावा लावण्याआधीच करून ठेवा : सातबारा, इंडेक्स टू (खरेदीविक्रीच्या नोंदणीचा उतारा), गाडी, बँकेचं नाव, जे त्याच्याच जुन्या चेकवर असतं. तो निकालाआधीच मालमत्ता विकून मोकळा होतोय असा ठोस पुरावा असेल तर निकालापूर्वीच्या जप्तीचा अर्ज करता येतो. मोघम संशयावर तो मिळत नाही.

मधल्या काळात तडजोडीची चांगली संधी आली तर लोक अदालतीत घ्या. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच अमलात येतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगर न्यायालयातच आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

पैशाच्या हुकूमनाम्याची दरखास्त १२ वर्षांत कधीही टाकता येते. पण ‘बांधकाम पाडा’, ‘भिंत दुरुस्त करून द्या’ अशा आज्ञार्थी मनाईच्या हुकूमनाम्याला फक्त ३ वर्षं मिळतात, निकालाच्या तारखेपासून, किंवा काम पूर्ण करायची तारीख ठरवून दिली असेल तर तिच्यापासून.